क्राकुफला जाताय? वेशीतून आत शिरा आणि चार दिवस द्या – पायरीपायरीने सगळं सांगते

आधी नाव नीट करून घेऊ. पोलंडमधल्या या शहराला आपण क्राको म्हणतो, क्रॅकोव्ह पण म्हणतो, तिकडची माणसं म्हणतात क्राकुफ. एवढं एक नाव त्यांच्यासारखं म्हटलंत तरी समोरच्याचा चेहरा खुलतो, हे मी बघितलंय.

आम्ही चौघं गेलो होतो सप्टेंबरात, मी, नवरा आणि माझे आई-बाबा, दोघंही साठीच्या पुढचे, आईचे गुडघे दुखतात. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते चालून, पायऱ्या मोजून, कुठे बसायला जागा मिळते ते बघून सांगतेय. बऱ्याच ग्रुप टूरमध्ये या गावाला एक दिवस देतात, त्यातला अर्धा बसमध्ये, मग मुख्य चौकात फोटो, मिठाची खाण, आणि पुढचं शहर. प्लीज असं करू नका. वॉर्सा दुसऱ्या महायुद्धात ८० टक्क्यांहून जास्त उद्ध्वस्त झालं, तिथलं जुनं गाव नंतर पुन्हा उभं केलेलं आहे. क्राकुफ मात्र जवळजवळ जसंच्या तसं वाचलं. म्हणजे तुम्ही ज्या विटेला हात लावता ती खरंच ५०० वर्षांपूर्वीची वीट असते, आणि अशा गावाला अर्धा दिवस देणं मला तरी पटत नाही. चार दिवस काढा, तीन तर हवेतच.

व्हिसा – तीन महिने आधी सुरुवात करा

पोलंड शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो, मोठ्यांसाठी फी ९० युरो. महाराष्ट्रातल्या लोकांसाठी पोलंडचं वाणिज्य दूतावास मुंबईतच आहे, पण अर्ज व्हीएफएस या व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरला द्यायचा, बोटांचे ठसे तिथेच होतात. नियम असा की प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी, पण १५ दिवसांच्या भरवशावर राहू नका, उन्हाळी सुट्टीच्या आधी अपॉइंटमेंट मिळतानाच घाम फुटतो. अनेक देश एकत्र करत असाल तर ज्या देशात जास्त रात्री काढणार त्याच देशाकडे अर्ज करायचा, हे लोक विसरतात आणि मग फाइल परत येते. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो, हॉटेलची बुकिंग रद्द करता येतील अशीच घ्या, आणि बँक स्टेटमेंटमध्ये अर्जाच्या आदल्या आठवड्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका, ते डोळ्यात भरतं.

कधी जायचं

मे-जून किंवा सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी खूप. डिसेंबरात चौकात ख्रिसमसचा बाजार भरतो, आणि पहिल्या गुरुवारी तिथल्या कवी मित्स्कियेविचच्या पुतळ्यापाशी लोक स्वतः बनवलेल्या शॉप्की घेऊन येतात, म्हणजे चमचमत्या चांदीकागदाची चर्चच्या आकाराची मखरं, आपल्याकडे गणपतीच्या मखरावर घरोघरी रात्री जागवतात तीच हौस. २०१८ मध्ये युनेस्कोने या परंपरेला यादीत घेतलं. पण डिसेंबरात पावणेचारला सूर्य मावळतो, पारा शून्याखाली जातो आणि हिवाळ्यात हवा धुरकट असते, दमा असलेल्यांनी विचार करून जा. जूनमध्ये रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे एका दिवसात दीड दिवस फिरून होतं.

पोचायचं कसं

मुंबईहून युरोपात किंवा आखातात कुठेतरी एक विमान बदलून जाणं सोपं. क्राकुफचं विमानतळ बालित्सेला आहे, शहरापासून ११-१२ किलोमीटर, आणि टर्मिनलजवळूनच लोकल ट्रेन सुटते, साधारण २० मिनिटांत मुख्य स्टेशनला सोडते. मुख्य स्टेशन म्हणजे क्राकुफ ग्वूव्नी. टॅक्सीच्या भानगडीत पडायची गरजच नाही. हीच गाडी पुढे व्येलिच्काला, म्हणजे मिठाच्या खाणीच्या दारात जाते, हे डोक्यात ठेवा, चौथ्या दिवशी उपयोगी पडेल. वॉर्साला उतरणार असाल तर तिथून फास्ट ट्रेन अडीच तासात आणते, तिकीट आधी काढलं तर स्वस्त पडतं.

स्टेशनवरून बाहेर पडताना एका मोठ्या मॉलमधूनच वाट जाते, तिथे गोंधळायला होतं. जुन्या गावाकडे जायला भुयारी मार्ग आहे, त्यातून बाहेर आलात की समोर झाडी दिसते, ती प्लान्ती बाग.

राहायचं कुठे

चौकातच खोली घेऊ नका. महाग तर आहेच, पण शुक्रवार-शनिवारी रात्री पार्टीला आलेली पोरं पहाटेपर्यंत ओरडत असतात. प्लान्ती बागेला लागून बाहेरच्या बाजूला, क्लेपाश भागात, किंवा काझिम्येश या जुन्या ज्यू वस्तीच्या भागात घ्या. क्लेपाशला जुनी मंडई आहे, सकाळी फळं, चीज, लोणचं, पाव सगळं मिळतं, आम्ही रोजचा नाश्ता तिथूनच आणायचो. बुक करताना लिफ्ट आहे का ते विचाराच, जुन्या इमारतींना बऱ्याचदा नसते आणि तिकडचा पहिला मजला म्हणजे भरपूर चढ असतो.

निघायच्या आधी काय बुक करायचं

क्रम सांगते. सगळ्यात आधी आउश्वित्झ, म्हणजे नाझींची छळछावणी, जायचं असेल तर. मग लिओनार्दोचं चित्र आहे ते चार्तोरिस्की म्युझियम, मग शिंडलर, म्हणजे महायुद्धात आपल्या ज्यू कामगारांना वाचवणारा जर्मन कारखानदार, त्याच्या कारखान्यातलं म्युझियम, मग चौकाखालचं भुयारी म्युझियम आणि वावेल किल्ला. मिठाच्या खाणीचं तिकीट इंग्रजी गाइडच्या वेळेचं काढा. बरीचशी म्युझियम सोमवारी बंद असतात किंवा अर्धवेळ चालतात, म्हणून मी तरी सोमवार खाणीसाठी ठेवेन.

पैशाचं सांगायचं तर पोलंडमध्ये युरो चालत नाही, झ्वोटी चालतो. एक झ्वोटी म्हणजे ढोबळमानाने वीस-पंचवीस रुपये धरा. कार्ड सगळीकडे चालतं, अगदी छोट्या दुकानातही. पण एक गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की दोनदा सांगावीशी वाटते – एटीएम किंवा कार्ड मशीन विचारेल "रुपयांत चार्ज करू का?", तेव्हा नाही म्हणा, झ्वोटीतच घ्या. बाबांनी पहिल्याच दिवशी रुपये दिसले म्हणून हिरवं बटण दाबलं, मी नंतर हिशोब केला तर त्या एका व्यवहारात एका वेळच्या जेवणाचे पैसे गेले होते. रोख बदलायची तर कान्तोर अशी पाटी असलेल्या दुकानात, खरेदी आणि विक्रीच्या दरात फरक कमी असेल तिथे. विमानतळावर अगदी गरजेपुरतेच बदला.

पहिला दिवस – वेशीतून आत

बहुतेक लोक थेट चौकात जाऊन उभे राहतात आणि तिथून इकडेतिकडे करतात. मी म्हणेन की तुम्ही राजांच्या वाटेने जा. या रस्त्याचं नावच राजमार्ग आहे, राज्याभिषेकाच्या, लग्नाच्या आणि अंत्ययात्रेच्या मिरवणुका याच वाटेने वावेलच्या टेकडीवर जायच्या. त्याच क्रमाने चाललं की गाव आपोआप समजत जातं.

सुरुवात बार्बाकान. हा १४९८-९९ मध्ये बांधलेला विटांचा गोल बुरूज, वर सात टोकदार मनोरे, भिंती तीन मीटरहून जाड, बाहेर पूर्वी खंदक होता. आपल्याकडे गडाचा मुख्य दरवाजा थेट समोर येऊ नये म्हणून वळणावळणाची वाट आणि पुढे बुरूज असतात ना, डोकं तेच चालवलंय, शत्रू दरवाजाशी येण्याआधी या गोलात अडकला पाहिजे. बार्बाकानच्या पुढे फ्लोरियान दरवाजा, त्याच्या बाजूला तटबंदीचा छोटासा तुकडा उभा आहे. बाकी सगळा तट १९व्या शतकाच्या सुरुवातीला पाडला, खंदक बुजवला आणि त्या जागी गावाभोवती झाडं लावली, तीच प्लान्ती, साधारण चार किलोमीटरचा हिरवा पट्टा. हा दरवाजा आणि बार्बाकान पण पाडणारच होते, पण फेलिक्स राद्वान्स्की नावाच्या प्राध्यापकांनी हट्ट धरला म्हणून वाचले. त्या एका माणसामुळे आज आपल्याला वेशीतून आत शिरता येतं, मला आत शिरताना खरंच त्यांची आठवण झाली.

दरवाजातून सरळ फ्लोरियान्स्का रस्ता, पाच-सात मिनिटांत चौक. रीनेक ग्वूव्नी. प्रत्येक बाजू सुमारे २०० मीटर, युरोपातल्या मध्ययुगीन चौकांमध्ये सगळ्यात मोठ्यांपैकी एक. १२४१ मध्ये मंगोल स्वारीत गाव जळालं, त्यानंतर १२५७ मध्ये नव्याने आखणी झाली, मधे चौक आणि चारी बाजूंना सरळ रस्ते, तीच आखणी आजही तशीच. फक्त ग्रोद्झ्का तिरकी जाते, कारण तो रस्ता आखणीच्या आधीपासूनचा आहे. हे माहीत असलं की नकाशा बघायला मजा येते.

आता चौकात काय करायचं ते जरा सावकाश सांगते कारण इथे वेळेचं गणित आहे. तुम्ही साडेअकराच्या आत चौकात हवे. मारियात्स्की म्हणजे सेंट मेरी चर्च, दोन मनोरे, एक ८२ मीटर, दुसरा ६९. दर्शनी मोठ्या दारातून फक्त प्रार्थनेला येणाऱ्यांना सोडतात, पर्यटकांचं दार बाजूला आणि तिकीटही बाजूच्या ऑफिसात मिळतं. रविवारी सकाळी प्रार्थना असतात, तेव्हा दुपारनंतरच जा. आत मुख्य वेदीवर फाइट श्टोसने, पोलिशमध्ये वित स्त्वोश, १४७७ ते १४८९ अशी बारा वर्षं खपून केलेलं लाकडी शिल्प आहे, सुमारे १३ मीटर उंच. ते दोन्ही बाजूंनी पंखांसारखं मिटलेलं असतं. ११ वाजून ५० मिनिटांनी एक नन येतात, हातात लांब काठी, आणि त्या काठीने हळूच एकेक पंख उघडतात. सगळ्या चर्चमध्ये एकदम शांतता. आतून सोनं आणि निळा रंग असा काही उमलतो की आईने माझा हात घट्ट धरला. नीट बघा, त्या प्रेषितांचे हात बघा, फुगलेल्या शिरा, वाकडी झालेली बोटं, सुरकुत्या. देवमाणसं कोरताना त्याने समोर गावातली माणसं बसवली असं म्हणतात आणि ते पटतं, कारण तो हात काम केलेल्या माणसाचाच आहे.

तिथून बारा वाजायच्या आत बाहेर या आणि उंच मनोऱ्याकडे मान वर करून उभे राहा. वरची छोटी खिडकी उघडते, उन्हात पितळेची तुतारी चमकते आणि हेयनाऊ सुरू होतो. एकच धून चारी दिशांना, चार वेळा. आणि प्रत्येक वेळी मधेच तुटते, सूर पुरा न होता. लोककथा अशी की मंगोल आले तेव्हा पहारेकऱ्याने इशारा द्यायला तुतारी फुंकली आणि त्याच्या गळ्यात बाण लागला, म्हणून धून तिथेच थांबवतात जिथे तो थांबला. वाजवणारे अग्निशमन दलाचे जवान असतात, दर तासाला, रात्रीसुद्धा, आणि दुपारी बाराची धून पोलिश रेडिओवर देशभर ऐकवतात. वाजवून झालं की तो खिडकीतून हात हलवतो, खालून सगळे हात हलवतात. आम्ही पण हलवला. चार दिवसांत मी ही धून किती वेळा ऐकली असेल, पण पहाटे पाच वाजता रिकाम्या चौकात ऐकलेली सगळ्यात जास्त आठवते, जमलं तर एकदा तेवढ्यासाठी लवकर उठा.

चौकाच्या मधोमध सुकेन्नित्से, कापडाच्या व्यापाऱ्यांची पेठ, १५५५ च्या आगीनंतर आत्ताचं रूप मिळालं. खाली दुकानं, वरच्या मजल्यावर १९व्या शतकातल्या पोलिश चित्रांचं दालन. एका कमानीत साखळीला सुरा टांगलेला आहे, पटकन दिसत नाही, वर बघा. त्याची गोष्ट अशी सांगतात की दोन भाऊ चर्चचे दोन मनोरे बांधत होते, धाकट्याचा उंच जाईल या मत्सराने थोरल्याने त्याला या सुऱ्याने मारलं. अंबर, म्हणजे दागिन्यांत वापरतात तो राळेचा पिवळसर खडा, घ्यायचं असेल तर सर्टिफिकेट मागा, बाहेर फिरत्या विक्रेत्याकडून अजिबात घेऊ नका.

चौकाच्या कोपऱ्यात सेंट वोय्चेखचं चिमुकलं चर्च आहे, त्याचा पाया आजच्या फरशीच्या खूप खाली आहे, म्हणजे हजार वर्षांत जमीन किती वर चढली ते तिथे डोळ्यांनी दिसतं. हेच पुढे चौकाखालच्या म्युझियममध्ये बघायचं, २०१० मध्ये सुरू झालं, जुन्या बाजाराचे दगडी रस्ते, दुकानांचे पाये सगळं खाली जसंच्या तसं. उन्हाने किंवा पावसाने वैतागलात तर ही वेळ तिथे घालवा.

संध्याकाळी कोलेगियुम मायुसच्या अंगणात जा. याग्येलोन्स्की विद्यापीठ, स्थापना १३६४, कोपर्निकस इथे १४९१ ते १४९५ शिकला. अंगणात जायला पैसे लागत नाहीत. सकाळी ९ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर दोन तासांनी तिथल्या घड्याळातून लाकडी बाहुल्या संगीताच्या तालावर फिरत जातात, ५ ची वेळ गाठा.

दुसरा दिवस – वावेल, आणि एक चित्र

चौकातून ग्रोद्झ्का रस्त्याने दहा-बारा मिनिटांत टेकडीच्या पायथ्याशी. चढ आहे पण सोपा, आई न थांबता चढली. इथे लोकांचा सगळ्यात मोठा घोळ होतो तो तिकिटांचा, म्हणून नीट वाचा. टेकडीवर आणि राजवाड्याच्या कमानींच्या अंगणात फिरणं फुकट. राजवाड्याच्या आतली प्रत्येक दालनमालिका वेगळ्या तिकिटाची, वेळ ठरवून. आणि कॅथेड्रल हे राजवाड्याच्या तिकिटात येतच नाही, त्याची खिडकी वेगळी, कॅथेड्रलच्या समोर. सगळं घेऊ नका, थकाल. कॅथेड्रल आणि राजवाड्यातली एक मालिका पुरे, आणि ती एक निवडायची तर झिग्मुंत आउगुस्त राजाने १६व्या शतकात विणून घेतलेले भिंतभर पडदे जिथे आहेत ती.

कॅथेड्रलच्या दारावर साखळीने प्रचंड हाडं टांगलेली आहेत, ड्रॅगनची म्हणतात, खरं तर प्राचीन प्राण्यांची, आणि ती पडली की जग बुडेल अशी समजूत. आत राजांची थडगी, झिग्मुंत चॅपलचा सोनेरी घुमट, आणि मनोऱ्यात १५२० मध्ये ओतलेली झिग्मुंत घंटा, बारा टनांहून जड, मोठ्या सणांनाच वाजते. घंटेपर्यंतच्या लाकडी पायऱ्या अरुंद आणि उभ्या, तुळयांमधून वाकून जावं लागतं, आई-बाबा खाली थांबले आणि ते बरोबरच झालं. आत फोटो काढू देत नाहीत.

लहान मुलं बरोबर असतील तर ड्रॅगनची गुहा, एकाच दिशेने शंभरावर पायऱ्या खाली उतरून नदीकाठी बाहेर निघता, हिवाळ्यात बंद असते. बाहेर धातूचा ड्रॅगन दर काही मिनिटांनी खरोखरची आग ओकतो.

दुपारी परत फ्लोरियान दरवाजाजवळ, चार्तोरिस्की म्युझियम. लिओनार्दो दा विंचीने १४९०च्या सुमारास काढलेलं अर्मिन, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा पांढरा प्राणी, हातात घेतलेल्या बाईचं चित्र. पॅरिसमधल्या मोनालिसासमोर काय झुंबड असते ते सगळ्यांना माहीत आहे. इथे छोटी अंधारी खोली, आणि आम्ही गेलो तेव्हा जेमतेम आठ-दहा माणसं. त्या प्राण्याच्या पंजाची नखं तिच्या लाल बाहीत किंचित रुतलीयत, तेवढं बघायला तरी जवळ जा.

तिसरा दिवस – काझिम्येश आणि नदीपलीकडे

काझिम्येश हे १३३५ मध्ये तिसऱ्या काझिम्येश राजाने वसवलेलं वेगळं गाव होतं, नंतर क्राकुफमध्ये मिसळलं. याच राजाबद्दल तिकडे म्हणतात की त्याला पोलंड लाकडाचा मिळाला आणि त्याने दगडाचा करून ठेवला. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून इथे ज्यू वस्ती वाढत गेली. शेरोका रस्त्यावर जुनं सिनेगॉग, रेमू सिनेगॉग आणि त्यामागची १६व्या शतकातली दफनभूमी, थडग्यांवर लोकांनी ठेवलेले छोटे छोटे दगड. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी दारात मिळते. शनिवारी बहुतेक सिनेगॉग बंद असतात.

मग पादचारी पूल ओलांडून पोद्गुझे. इथे मार्च १९४१ मध्ये नाझींनी घेट्टो, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवायची वेगळी वस्ती, केला, माणसं कोंबली आणि मार्च १९४३ मध्ये तो रिकामा केला. घेट्टोच्या चौकात आता मोठमोठ्या रिकाम्या धातूच्या खुर्च्या उभ्या आहेत, बाकी काही नाही. ट्राम येते, लोक चढतात उतरतात, आणि मधे त्या खुर्च्या. बाबा बराच वेळ काही बोललेच नाहीत. कोपऱ्यावर गरुडाच्या पाटीचं औषधाचं दुकान, तादेउश पान्क्येविच हे घेट्टोच्या आत दुकान चालवणारे पोलिश फार्मासिस्ट, त्यांनी औषधं पुरवली, निरोप पोचवले, माणसं लपवली. छोटं म्युझियम आहे, चुकवू नका. शिंडलरचा कारखाना तिथून दहा मिनिटं चालत.

इथेच एक आपल्या घरची गोष्ट. सोविएत रशियाने हद्दपार केलेले हजारो पोलिश लोक इराणमार्गे भारतात आले, आणि त्यातले सुमारे ५००० जण १९४३ ते १९४८ कोल्हापूरजवळच्या वळिवडे गावच्या वसाहतीत राहिले, शाळा, चर्च सगळं तिथे. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. आम्ही राहिलो होतो तिथल्या आजींना बाबांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं की आम्ही कोल्हापूर ज्या राज्यात आहे तिथून आलोय. त्यांनी काही न बोलता बाबांच्या कपात आणखी चहा ओतला.

चौथा दिवस – खाण किंवा आउश्वित्झ, दोन्ही एका दिवसात नाही

दोन्ही एका दिवसात उरकणाऱ्या टूर मिळतात, कळकळीने सांगते, घेऊ नका. आउश्वित्झहून आल्यावर दुसरं काही बघायची मनाची तयारीच नसते.

व्येलिच्काची मिठाची खाण क्राकुफच्या जुन्या गावासोबतच १९७८ मध्ये युनेस्कोच्या अगदी पहिल्या यादीत आली. १३व्या शतकापासून इथे खाणकाम चालू होतं आणि त्या मिठावर राजांची तिजोरी भरायची. जायला विमानतळावरची तीच लोकल, शेवटचं स्टेशन. सुरुवातीलाच साधारण ३८० पायऱ्या खाली, सगळ्या मिळून ८००च्या आसपास, पण बहुतेक उतारच आणि परत वर लिफ्टने. आईने गुडघ्याला पट्टा लावून, कठडा धरून, सावकाश केलं. आत बाराही महिने १७-१८ अंश, पातळ स्वेटर घ्या. सुमारे तीन किलोमीटर चाल, दोन-अडीच तास. जमिनीखाली १०१ मीटरवर सेंट किंगाचं चॅपल, फरशी, भिंतीवरची शिल्पं, झुंबरांचे लोलक, सगळं मिठाचं, आणि हे कोरलं खाणीतल्याच कामगारांनी, अनेक दशकं खपून. गाइड भिंत चाटू देतात, बाबांनी चाटली.

आउश्वित्झ ओश्व्येन्चिम गावात, क्राकुफहून सुमारे ७० किलोमीटर, बसने दीड तास. प्रवेश मोफत पण पास म्युझियमच्या अधिकृत वेबसाइटवर आधी काढावाच लागतो, नावासकट, आणि दारात पासपोर्ट बघतात. मोठी बॅग आत नेता येत नाही. गाइडसोबतच जा, साडेतीन तास लागतात, दुसरा कॅम्प बिर्केनाउ तीन किलोमीटरवर, तिथे फुकट बस आहे. १४ वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये असं म्युझियमच सुचवतं.

खाणं, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

घाबरू नका, पण डोळे उघडे ठेवा. प्येरोगी रुस्क्ये म्हणजे उकडलेल्या करंज्या समजा, आत बटाटा आणि पनीरसारखं चीज. यादीत शाकाहारी लिहिलेलं असतं, पण वरून बऱ्याच ठिकाणी डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे भुरभुरवतात, स्क्वार्की म्हणतात. म्हणून ऑर्डर देतानाच "बेझ स्क्वारेक" म्हणा. मांस नको तर "बेझ म्येन्सा". जेवणाआधी पावासोबत पांढरं लोण्यासारखं काही आणून ठेवलं तर ते लोणी नाही, स्मालेत्स म्हणजे चरबी असते, आईने सुरी हातात घेतली होती तेव्हा मी थांबवलं. बीटाचं लाल सूप मांसाच्या पाण्यावर असू शकतं, विचारा. बटाट्याची धिरडी, प्लात्स्की, क्रीमसोबत मस्त. कोबी-मशरूमचे प्येरोगी मला जास्त आवडले.

स्वस्त आणि घरगुती जेवायचं तर बार म्लेच्नी शोधा. नावात बार असला तरी दारूचा संबंध नाही, दूधदुभत्याचे पदार्थ मिळणारी जुन्या धाटणीची खानावळ, काउंटरवर पैसे, खिडकीतून ताट, झालं की ताट परत नेऊन ठेवायचं. काझिम्येशच्या नव्या चौकात गोल इमारतीतल्या खिडक्यांवर झापियेकान्का मिळते, लांब पावावर मशरूम-चीज भाजलेलं, एक दोघांत पुरते. आणि रस्त्यावर गाड्यांवर ओब्वाझानेक, पीळ दिलेली पावाची कडी, वर तीळ, खसखस किंवा मीठ. सकाळी घ्या, दुपारनंतर चामट होते.

ट्राम आणि बारीकसारीक

ट्रामचं तिकीट मशीनमधून काढलं म्हणजे झालं नाही, आत चढल्याचढल्या पंच करायचं, पूर्वी आपण लोकलची कुपनं पंच करायचो तसं. नवऱ्याने खिशातच ठेवलं, दोन स्टॉपनंतर साध्या कपड्यातले तपासनीस आले, दंड भरावा लागला, तिकीट काढलंय हे सांगून काही उपयोग झाला नाही.

रविवारी बहुतेक मोठी दुकानं कायद्यानेच बंद, त्यामुळे सामान शनिवारी भरा. टॉयलेटवर त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बायका, सुट्टी नाणी जवळ ठेवा. हॉटेलात बिलाचे पैसे हातात देताना लगेच "जेंकुये" म्हणजे धन्यवाद म्हटलंत तर वेटर समजतो उरलेले ठेव, म्हणून सुट्टे हवे असतील तर ते मिळाल्यावर म्हणा. दुकानात शिरताना "जेन दोब्री" नक्की म्हणा. अडचण आली तर ११२. आणि बूट जुने, वापरातले घाला, त्या दगडी फरशीवर नवे बूट दोन तासांत पाय सोलून काढतात, आईच्या पायाला आम्ही दुसऱ्याच दिवशी क्लेपाशच्या औषधाच्या दुकानातून पट्ट्या आणल्या, तिकडे औषधाच्या दुकानाला आप्तेका म्हणतात.